ठासणीच्या बंदुकीचा बार: दारू तोलावी की मापावी?

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीचे दारूचे पितळी माप घ्या, त्याची दांडी १०० वर लावा, त्याच मापाने तीन वेगवेगळ्या दारू भरा आणि एकेक करून वजनकाट्यावर टाका. टू-एफ (हा दाण्याचा नंबर) काळी दारू शंभराच्या आसपास भरेल. पायरोडेक्स आरएस ही काळ्या दारूऐवजी वापरायची बदली दारू सत्तर-पंचाहत्तरच्या दरम्यान थांबेल. ब्लॅकहॉर्न २०९, तीही बदली दारूच, सत्तरच्या जवळ. मापावर मात्र तिन्ही वेळी १००च होते, आणि मापावरही एकक ग्रेन, काट्यावरही ग्रेन. नवख्यांचे बहुतेक घोटाळे या एका शब्दापाशी होतात. म्हणून पहिला नियम: बाराचा, म्हणजे एका वेळी भरायच्या दारूचा, आकडा कधीही एकटा लिहायचा नाही. मापाने घेतलेला असेल तर ‘७० मा’, तोललेला असेल तर ‘७० व’. वहीत, एकेक बार भरून ठेवायच्या कुपीवर, दुसऱ्याला सांगतानासुद्धा. पुढे या लेखातही तसेच लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. बंदूक, दारू आणि केपा (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्या) बाळगण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत; तुमच्याकडचे आधी पाहून घ्या. आणि या लेखातला कुठलाही आकडा तुमच्या बंदुकीच्या कारखान्याने दिलेल्या पुस्तिकेपेक्षा मोठा नाही. तिथे कमाल बार ९० लिहिला असेल तर तुमच्यासाठी कमाल ९०च.

ग्रेन नेमका कशाचा

ग्रेन हे मुळात वजनाचे एकक. ७,००० ग्रेनचा एक पौंड, ४३७.५ ग्रेनचा एक औंस, १५.४३ ग्रेनचा एक ग्रॅम. ६० ग्रेनचा बार म्हणजे जेमतेम ३.९ ग्रॅम दारू.

मापावरचा ग्रेन उसना आहे. तिथे ७०च्या खुणेचा अर्थ एवढाच की ७० ग्रेन वजनाची काळी दारू साधारण जेवढी जागा घेते तेवढी जागा. त्या जागेत तुम्ही काय भरता आणि ते किती वजनाचे निघते, हे मापाला ठाऊक नसते. सैल भरलेल्या काळ्या दारूची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे १ मिलिलिटरला १५ ग्रेन हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. १०० मा म्हणजे साधारण साडेसहा मिलिलिटर. ६० मा भरल्यावर ते चार मिलिलिटरच्या आसपास दिसायला हवे. डोळ्याला दुप्पट दिसत असेल तर हात थांबवा.

जुन्या मापांवर आणि दारूच्या भांड्यांच्या नळ्यांवर ड्रॅमचे आकडे सापडतात. १ ड्रॅम म्हणजे २७.३४ ग्रेन. ब्रिटिश १८५३ पॅटर्नच्या एनफिल्ड रायफलीचा बार अडीच ड्रॅमचा, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन. अमेरिकी १८६१ स्प्रिंगफील्डचा ६० ग्रेनचा. छऱ्यांच्या बंदुकीचे बार आजही बरेचजण ड्रॅममध्येच सांगतात: पावणेतीन ड्रॅम म्हणजे ७५ ग्रेन. दारूच्या भांड्याच्या नळीवर नुसते ‘३’ कोरलेले असेल तर ते बहुधा ८२ ग्रेन असते. पण बहुधा म्हणून बार भरत नाहीत. आधी काट्यावर पाहा.

काळ्या दारूला माप का पुरते

काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक हे मिश्रण दाबून, फोडून, चाळून केलेले दाणे. जळाल्यावर तिचा वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरतो. दिसतो तो धूर आणि नळीत बसतो तो काळा थर म्हणजे तोच. दारू किती वेगाने जळेल हे मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरते. त्यामुळे ७० ग्रेनमध्ये एखादा ग्रेन इकडे-तिकडे झाला तर गोळीच्या वेगात पडणारा फरक नळीतल्या काजळीने आणि गोळीभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या घट्टपणाने होणाऱ्या फरकात हरवून जातो. आजच्या काडतुसांतल्या धूरविरहित दारूत अर्ध्या ग्रेनचाही हिशेब ठेवावा लागतो. काळ्या दारूत तशी गरज पडत नाही.

म्हणून ठासणीवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मापाची आहे, आणि बदली दारू बनवणाऱ्यांनीही आपला माल त्याच रीतीत बसवला. पायरोडेक्स १९७६ मध्ये बाजारात आले ते याच बोलीवर: काळ्या दारूइतकेच माप घ्या, वजन नव्हे. ते हलके आहे, पण तेवढ्याच जागेत जवळपास तेवढेच काम करते.

एक-दोन ग्रेन चालतात याचा अर्थ मात्र पंधरा-तीस चालतात असा नाही.

दाण्यांचे नंबर

एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. एक-एफ तोफांना आणि मोठ्या मस्केटींना. टू-एफ ५० कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत) आणि त्यावरच्या रायफलींना, छऱ्यांच्या बंदुकींना. थ्री-एफ ४५ आणि त्याखालच्या रायफलींना, पिस्तुलांना, रिव्हॉल्व्हरला. फोर-एफ फक्त चकमकीच्या बंदुकीत रंजक, म्हणजे बार पेटवायची बाहेरची चिमूटभर दारू, म्हणून; नळीत मुख्य बार म्हणून ती भरायची नाही. बारीक दाणा लवकर पेटतो आणि दाब वर नेतो. टू-एफवर बसवलेला बार थ्री-एफवर न्यायचा असेल तर १० ते १५ टक्के कमी करून पुन्हा वर या. एका कंपनीची दारू सोडून दुसरीची घेतलीत, तरी तसेच. ‘स्विस’ या नावाची दारू ‘गोएक्स’ कंपनीच्या दारूपेक्षा घट्ट दाण्याची आणि जोरकस असते; मापावर आकडा तोच ठेवला तरी बार तोच राहत नाही.

काय काय लागेल

एक चांगले सरकत्या दांडीचे पितळी माप, ५-५ ग्रेनच्या खुणांचे, वर फिरते नरसाळे असलेले. दांडी आवळायचा स्क्रू बोटाने घट्ट होतो का ते विकत घेतानाच पाहा. सगळ्यात आधी तोच दगा देतो. सैल स्क्रूमुळे दांडी हळूहळू खाली सरकते आणि प्रत्येक बार आधीच्यापेक्षा थोडा मोठा होत जातो. आकडा ठरला की सरकते माप बाजूला ठेवून एकाच आकड्याचे पक्के माप करून घेणे उत्तम. शिंगाच्या तुकड्याचे चालते, रिकाम्या पितळी काडतुसाच्या पुंगळीचेही चालते. ४५-७० या काडतुसाच्या नावातच ४५ कॅलिबर आणि ७० ग्रेन काळी दारू आहे. पण आजच्या जाड बुडाच्या पुंगळीत सैल भरलेली दारू थोडी कमी मावते, म्हणून नावावर न जाता तोलून पाहा आणि कानसीने घासत हव्या आकड्यावर आणा.

वजनकाटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा हवा. तराजूच्या जातीचा, दांडीवर वजन सरकवायचा काटा संथ असतो पण त्याला बॅटरी नाही आणि एकक बदलायचे बटणही नाही. काळ्या दारूसाठी तोच बरा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटाही चालतो, कारण ते ०.१५ ग्रेन झाले. १ ग्रॅमने उडी मारणारा घरगुती काटा निरुपयोगी. त्याची एक उडी १५ ग्रेनची.

डिजिटल काट्याचे सगळ्यात मोठे दुखणे म्हणजे एककाचे बटण. ग्रेनसाठी बहुतेक काटे जीएन दाखवतात, ग्रॅमसाठी नुसते जी. ग्रॅमची चूक लगेच कळते, कारण ६० ग्रॅम दारू म्हणजे वाटीभर ढीग. कॅरटची चूक फसवी. १ कॅरट म्हणजे सुमारे ३.०९ ग्रेन, काटा चुकून कॅरटवर राहिला आणि तुम्ही ‘६०’ तोललेत तर हातात १८५ ग्रेन दारू असते, आणि तीही पहिल्यांदाच बार बघणाऱ्याला अगदी अशक्य वाटत नाही. म्हणून रोज काम सुरू करताना ५ ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवा. ७७.२ ग्रेन दिसले तर एकक आणि काटा दोन्ही ठीक. ५ ग्रॅमचेच वजन घ्यायचे कारण ते तुमच्या बाराच्या पल्ल्यातले आहे. ५०० ग्रॅमवर बरोबर दाखवणारा काटा ५ ग्रॅमवर बरोबर असेलच असे नाही.

बाकी सामान: पितळी किंवा ॲल्युमिनियमचे नरसाळे, झाकणाच्या कुप्या, न पुसणारा पेन, चिकटपट्टी, वही.

मापाने बार घेणे

इथे हाताची सवय आकड्याइतकीच मोलाची आहे, म्हणून जरा सावकाश.

१. दांडी हव्या खुणेवर आणा. खूण वाचायची ती मापाच्या नळीच्या खालच्या कडेला, डोळा तिच्या पातळीत आणून. तिरक्या नजरेने दोन-तीन ग्रेन सहज जातात. स्क्रू आवळा, आणि आवळताना दांडी हलली नाही ना ते पुन्हा बघा.

२. दारूचा डबा एकदा आडवा धरून हलकेच फिरवा. वाहतुकीत बारीक भुकटी तळाशी जाते आणि जाड दाणे वर राहतात. न फिरवता ओतलेत तर डब्याची सुरुवात आणि शेवट वेगळे वागतात. जोरात हलवू नका, त्याने दाणे झिजून आणखी भुकटी होते.

३. नरसाळे मापाच्या तोंडावर आणा आणि भांड्यातून एकसारख्या धारेने दारू ओता, नरसाळ्यात थोडी वर दिसेपर्यंत. एकदा झटक्यात आणि एकदा थेंबाथेंबाने असे नको.

४. ठोकायचे की नाही ते एकदाच ठरवा. नखाने मापाच्या अंगावर टकटक केले की दाणे बसतात, वर जागा होते आणि त्या जागेत आणखी काही ग्रेन मावतात. दहा टिचक्या मारणार असाल तर प्रत्येक वेळी दहाच, त्याच ठिकाणी. अजिबात मारणार नसाल तर माप टेबलावर आपटूही नका, कारण तीही टिचकीच.

५. नरसाळे आडवे फिरवा. त्याची कड वरची दारू कापून तोंड सपाट करते. जास्तीची दारू भांड्यात परत.

६. तोंडाशी बघा. मध्ये खळगा दिसला तर बार कमी आहे. टोकदार ढीग राहिला तर जास्त.

कुणी तुम्हाला म्हणाले की ठोकलेले माप जास्त अचूक, तर ऐकून घ्या. पण ठोकलेल्या मापाचा आकडा न ठोकलेल्यापेक्षा वजनाने मोठा निघतो हे लक्षात ठेवा. कारखान्याच्या तक्त्यातले माप कसे भरले होते हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून कमाल आकड्याच्या आसपास ठोकलेले माप वापरू नये.

माप काट्यावर तपासणे

बाजारातली मापे एकमेकांशी जुळत नाहीत. दोन कारखान्यांच्या मापांत ७०च्या खुणेवर पाच-सहा ग्रेनचा फरक निघाला तर नवल नाही. तुमचे माप खोटे आहे असे नव्हे. फक्त ते काय देते ते माहीत हवे. हे काम एका दुपारचे आहे.

काटा सपाट, न हलणाऱ्या टेबलावर, पंख्याच्या आणि खिडकीच्या वाऱ्यापासून दूर. डिजिटल असेल तर चालू करून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवा, थंड काटा आकडा सरकवत राहतो. रिकामी पितळी ताटली ठेवून शून्य करा. आता टू-एफ काळी दारू घ्या, माप ५० वर लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे पाच बार भरा. प्रत्येक बार वेगळा तोला, लिहा. मग ६०, ७०, ८०, ९०. प्रत्येक खुणेवरचे पाच आकडे बघताना दोन गोष्टी शोधायच्या. सरासरी किती, यावरून माप किती खरे ते कळते. आणि पाच आकडे एकमेकांपासून किती लांब, यावरून तुमचा हात किती खरा ते. पाचही आकडे दीड-दोन ग्रेनच्या आत बसले तर हात छान आहे. पाच-सहा ग्रेन पसरले तर मापाला दोष देऊ नका, ओतण्याची रीत बघा.

दर पाच-सहा बारांनंतर रिकामी ताटली पुन्हा ठेवा. शून्य आले नाही तर मागचे आकडे बाद.

या तक्त्याच्या माथ्यावर दारूचे नाव, दाण्याचा नंबर, डब्यावरचा लॉट क्रमांक आणि तारीख. नवा डबा उघडला की निदान तुमच्या नेहमीच्या खुणेवरचे पाच बार पुन्हा तोला. हा तक्ता फक्त त्या दारूचा. पायरोडेक्सला तो लागू नाही.

बदली दारू आणि गुणाकाराची गडबड

बदली दारूंच्या पुस्तिकेतले आकडे सहसा मापाचे असतात. तिथे ‘ग्रेन’ एवढेच वाचून ती काट्यावर घेतली की बार मोठा होतो, कारण हलकी दारू तेवढ्या वजनाला जास्त जागा घेते. ब्लॅकहॉर्न २०९ चे गणित करून बघा. तिच्या कारखान्याचा गुणक ०.७० आहे: १०० मा म्हणजे ७० व. कमाल बार १२० मा, म्हणजे ८४ व. आता पुस्तिकेतला १०० घेऊन कुणी काट्यावर १०० तोलले, तर १०० ला ०.७ ने भागा: सुमारे १४३ मा. कमाल मर्यादेच्या कितीतरी वर. बंदूक भरणाऱ्याला मात्र आपण मधलाच बार घेतला असे वाटत राहते.

उलटी चूक कमी घातक पण वैतागाची. कुणीतरी सांगतो, ‘मी सत्तर ग्रेन ब्लॅकहॉर्न भरतो’. तो ७० व म्हणतो. तुम्ही माप ७० वर लावता, नळीत प्रत्यक्षात ४९ व जाते, गोळी खाली लागते, आणि जड पेटणारी ही दारू कधी रेंगाळून पेटते. दोष मग केपेला जातो. (ब्लॅकहॉर्नला तशीही साधी केप पुरत नाही, २०९ प्रायमर म्हणजे जास्त जोराची केप आणि तिला साजेसा ब्रीच प्लग, म्हणजे नळीच्या बुडाचे बूच, लागते.)

ट्रिपल सेव्हन या बदली दारूची तऱ्हा आणखी निराळी. ती काळ्या दारूपेक्षा हलकी तर आहेच, शिवाय मापाला माप घेतले तरी जोर जास्त. काळ्या दारूइतका वेग हवा असेल तर माप १५ टक्के कमी करा: १०० मा काळ्या दारूच्या जागी ८५ मा. इथे दोन सुधारणा एकमेकींत मिसळू देऊ नका. आधी माप ठरवा, मग हवे असल्यास तेवढे माप तुमच्या काट्यावर तोलून ‘व’ आकडा काढा. इंटरनेटवरचे गुणक एकमेकांशी जुळत नाहीत त्याचे कारणही हेच, प्रत्येकाचे माप आणि ओतणे वेगळे. कारखान्याने स्वतः गुणक दिला असेल तर तो घ्या. नाहीतर पाच बारांची सरासरी काढा.

दाबून केलेल्या तयार गोळ्यांच्या (पेलेट) रूपात येणाऱ्या दारूला तोलमाप काहीच नाही. ५० लिहिलेली पायरोडेक्सची गोळी म्हणजे ५० मा इतके काम. काट्यावर ती ५० भरणार नाही आणि भरायलाही नको. दोन गोळ्या म्हणजे १०० मा. तोडून पाऊण गोळी भरू नका. पायरोडेक्सच्या गोळीचे एक टोक गडद असते, त्यावर लवकर पेटणारा थर असतो. ते टोक केपेच्या बाजूला.

आणि धूरविरहित दारू. साध्या ठासणीच्या बंदुकीत ती ना मापाने, ना तोलून, ना चिमूटभर. तिचा दाब या नळ्या सोसत नाहीत, आणि तिच्या वजनाचे आकडे बघून ‘आपण तर निम्मेच घेतले’ असा हिशेब करणाऱ्यांच्या नळ्या फाटलेल्या आहेत. म्हणूनच टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि साठवणीची दारू कायम तिच्या मूळ डब्यातच.

घरी तोलून कुप्या भरणे

नेमबाजीवाले बार तोलतात ते यासाठी: भरण्यातला हाताचा फरक निघून जातो आणि मैदानावर वाऱ्यात मापाशी खेळावे लागत नाही. शंभर मीटरवर दहाच्या वर्तुळासाठी झगडणाऱ्याला ते पटते. पन्नास पावलांवर पत्र्याचा डबा पाडणाऱ्याला माप पुरेसे आहे, आणि त्याने काट्याच्या नादी लागून वेळ घालवावा असे वाटत नाही. बदली दारू वापरणाऱ्याने मात्र निदान एकदा तोलून पाहावेच.

कृती सोपी. माप ठरलेल्या आकड्यापेक्षा २-३ ग्रेन खाली लावा. त्याने बार घेऊन ताटलीत ओता. उरलेली भर छोट्या पितळी चमच्याने, चिमटीने दाणे सोडत, काट्याचा आकडा येईपर्यंत. नरसाळ्यातून कुपीत ओता, नरसाळ्यावर एक टिचकी मारा म्हणजे अडकलेले दाणे उतरतील, झाकण लावा. मगच पुढचा बार. उघड्या कुप्यांची रांग करून भरत गेलात की कुठलीतरी एक दोनदा भरते आणि एक रिकामी राहते. सगळ्या भरून झाल्या की उजेडात ओळीने धरा. पातळी एकसारखी दिसली पाहिजे. एखादी वर-खाली दिसली तर ती ओतून पुन्हा तोला. काट्याने केलेली चूक डोळ्याने धरायची ही शेवटची संधी, म्हणून कुप्या पारदर्शक घ्या.

चिठ्ठीवर: दारू, दाणा, आकडा, ‘व’ की ‘मा’, तारीख. नुसते ‘७०’ लिहिलेली कुपी आठ महिन्यांनी हातात आली तर तिचा उपयोग नाही.

खोलीत विडी-सिगारेट नाही, पेटती शेगडी नाही, ठिणगी पाडणारी अवजारे नाहीत. लागेल तेवढीच दारू बाहेर, मोठा डबा झाकण लावून दूर. सांडलेली दारू व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, त्याच्या मोटारीत ठिणगी असते. ओल्या कागदाने टिपा आणि कागद पाण्याच्या बादलीत टाका. सोरा विरघळला की ती पेटत नाही.

नळीत ओतताना

दारूच्या भांड्यातून, शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. आधीच्या बाराची एखादी धगधगती काजळी तळाशी राहिली असेल तर नवा बार नळीतच भडकतो. मापातले सत्तर ग्रेन भडकले तर हात भाजतो. भांड्यातली अर्धा पौंड म्हणजे ३,५०० ग्रेन. ते हातात धरलेले असते. आंतरराष्ट्रीय ठासणी स्पर्धांत एका कुपीत एकच बार ही सक्ती त्यामुळेच आहे. भांड्याच्या नळीवर माप कोरलेले असले तरी ते आधी स्वतंत्र मापात किंवा कुपीत, तिथून बंदुकीत. ओतताना नळीच्या तोंडावर चेहरा किंवा तळहात नको.

कुपी रिकामी झाली की ती लगेच वेगळ्या खिशात किंवा खोक्यात उलटी. भरलेल्या डावीकडे, रिकाम्या उजवीकडे. गप्पांच्या नादात दारू न ओतता गोळी ठासली जाण्याचा प्रकार इतका नेहमीचा आहे की गोळी उपसायचा स्क्रू सगळ्यांच्या पेटीत असतो.

गजावर, म्हणजे गोळी ठासायच्या काठीवर, खुणा करून घ्या. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडाशी एक खूण, आणि तुमचा ठरलेला बार व गोळी नीट बसल्यावर दुसरी. ५० कॅलिबरच्या नळीत १० ग्रेन दारू साधारण ५ मिलिमीटर उंची घेते. म्हणजे ७०चा बार चुकून दोनदा पडला तर खूण तोंडापासून साडेतीन सेंटिमीटर वर राहील, दारूच नसेल तर तेवढीच खाली जाईल. दोन्ही चटकन दिसतात. पाच ग्रेनची चूक मात्र अडीच मिलिमीटरची, ती गजाने पकडता येत नाही. त्यासाठी माप आणि काटाच. दुसरी खूण आणखी एक मोठी चूक धरते: गोळी दारूवर टेकलेली नसणे. मध्ये पोकळी राहिली की नळी फुगू शकते किंवा फाटते, आणि त्याला बार मोठा असावा लागत नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये हीच अट उलट बाजूने येते. सिलिंडरच्या खोबणीत २० मा दारू घातली आणि गोळी ठासायचा दांडा खोबणीत तेवढा आत पोहोचत नसेल तर मध्ये जागा राहते. काळ्या दारूवर रव्याचा थर घालून ती जागा भरण्याची जुनी रीत आहे. रवा दारूच्या मापात मोजायचा नाही, त्याचे माप वेगळे.

आपला बार शोधणे

सुरुवात पुस्तिकेतल्या किमान आकड्यापासून. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी जुना ठोकताळा आहे: जितके कॅलिबर तितके ग्रेन. ५० कॅलिबरला ५० मा, ४५ ला ४५ मा. पुस्तिका त्याहून खालचा आकडा सांगत असेल तर तो घ्या. टेकू देऊन पाच गोळ्या झाडा, प्रत्येक गोळीनंतर नळी त्याच पद्धतीने पुसा, कागदावर आकडा लिहा. मग ५ मा वाढवून पुन्हा पाच. एकाच वेळी दारू आणि कापडाची जाडी दोन्ही बदलू नका. मग कशाने काय झाले ते कळत नाही. नळीच्या पुढे पडलेले कापड उचलून बघत जा. भोके पडलेले किंवा जळालेले असेल तर बार वाढवण्याआधी कापड आणि तेलाचा विचार करा.

बऱ्याच बंदुकींचा सगळ्यात घट्ट समूह (कागदावर गोळ्यांची भोके सगळ्यात जवळजवळ) कमालच्या बराच अलीकडे सापडतो. पुढे फक्त धूर, धक्का आणि काजळी वाढते. आकडा सापडला की त्याच्या दोन्ही बाजूंना ५ मा घेऊन पडताळा, आणि मगच तो तोलून ‘व’ आकडा वहीत चढवा.

समूह अचानक पसरला तर शोध या क्रमाने घ्या: मापाचा स्क्रू ढिला झाला का, नवा डबा उघडला का, दारूत ओल आली का. दमट हवेत उघडा राहिलेला डबा ओल ओढतो. काट्यावर ती ओलही दारू म्हणूनच तोलली जाते, माप तेवढेच राहते आणि बार मात्र मंद होतो. अशा वेळी तोललेला आणि मापलेला आकडा तुमच्या जुन्या तक्त्याशी जुळत नाही, हीच खूण.

केप उडाली आणि बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबा, मग नवी केप. तरीही नाही उडाला तर गजाची खूण बघा. गोळी तळाशी टेकलेली असेल तर दारू घालायची राहिली आहे. निपल (केप बसते ती छोटी नळी) काढून तिथून चिमूटभर दारू आत सरकवा, निपल बसवा, गोळी तळाशी घट्ट असल्याची गजाने खात्री करा आणि सुरक्षित दिशेला उडवा.

दिवस संपल्यावर उरलेल्या भरलेल्या कुप्या बंद गाडीत उन्हात ठेवू नका. चिठ्ठी वाचता येत असेल आणि त्या दारूचा डबा तोच असेल तरच आतली दारू परत डब्यात. चिठ्ठी पुसली असेल तर काळी दारू आणि पायरोडेक्स नुसते बघून ओळखायला जाऊ नका. कुपी पाण्याच्या बादलीत रिकामी करा.